चालू आहे ना, मग झालं!

रात्री लॅपटॉप बंद करण्याची चूक करू नका. मी करत नाही. आमच्याकडे ती वीज करते. मोठी बॅटरी २०१७ सालीच फुगली म्हणून काढून ठेवली, तेव्हापासून आमचा लॅपटॉप गोठ्यातल्या म्हशीसारखा भिंतीला बांधलेला असतो. वीज गेली की तो जातो. वीज आली की तो येतो, आणि कोपऱ्यात तारीख दाखवतो १ जानेवारी २०१२.

घाबरू नका. आत नाण्याएवढा एक सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. तो संपला की मशीन आपल्या जन्मसालात जाऊन बसतं. आता ब्राउझर उघडा. एक पान उघडेल तर शपथ. 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं वर ऐकून घ्यावं लागेल. प्रत्येक वेबसाइट ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि २०१२ च्या जानेवारीत उभं राहून पाहिलं तर आजचं एकही प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं. मग माउसने साल पुढे न्यायचं. एकेक टिचकी, चौदा वेळा. आमच्या घरी त्या वेळी कुणी मधे बोलत नाही. फक्त स्वयंपाकघरातून सौ. विचारते, "पोचलात का?" मी म्हणतो, "आत्ताशी कुठे करोना चालू झालाय."

हा सेल पन्नास रुपयांच्या आत मिळतो. बदलू नका. प्रश्न पन्नास रुपयांचा नाहीच. सेल बदलायचा तर मागचं झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की दुकानातला मुलगा आत बघतो. परक्या माणसाला आत बघू देऊ नये. मी एकदा दिलं होतं. आर.एन.टी. मार्गावर, आमच्या इंदूरच्या कॉम्प्युटरच्या बाजारात. मुलाने आत पाहिलं, जरा वेळ काही बोलला नाही, मग शेजारच्या दुकानातल्या पोराला हाक मारली. "इधर आ बे, देख, पहले ऐसा पंखा आता था." दोघांनी मिळून माझा पंखा पाहिला. मी तसाच झाकण लावून घरी आलो. अकरा स्क्रूंपैकी नऊच परत लागले, पण चालू आहे ना, मग झालं.

पंखा आवाज करतो, ते त्याचं कामच आहे. खाली चार कोपऱ्यांना पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं लावा. स्क्रीन मागे पडत असेल तर पाठीला लाडवांचा डबा टेकवा. डब्यात लाडू असलेले बरे, रिकामा डबा सरकतो.

आता मुख्य प्रश्न. लोक तुम्हाला सांगतील की तुमचा लॅपटॉप 'सपोर्टेड' नाही. हा शब्द नीट समजून घ्या. म्हणजे तो बिघडला असं नाही. तो काल जेवढा चालत होता तेवढाच आज चालतो. फक्त यापुढे त्याच्यात कुठे भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज ७ बाबत हे १४ जानेवारी २०२० ला झालं. त्या वर्षी संक्रांत १५ तारखेला होती, म्हणजे आमचा सपोर्ट नेमका भोगीच्या दिवशी गेला. तिळाची भाकरी खाल्ली आणि भोग सुरू झाले. चोराची काळजी मात्र मी कधी केली नाही. आत शिरायचं म्हटलं तर त्यालाही आधी तारीख बदलावी लागेल.

तुम्ही विचाराल, विंडोज ७ च का? विंडोज १० तर फुकट मिळत होतं. बरोबर. २९ जुलै २०१५ पासून पुरतं एक वर्ष घड्याळाशेजारी एक छोटी खिडकी यायची आणि म्हणायची, घ्या, फुकट आहे. मी मराठी माणूस. वर्षभर कोणी फुकट घ्या म्हणून मागे लागला तर आपण काय समजतो? नक्कीच गोम आहे. मी रोज ती खिडकी बंद केली. शेजारीपाजारी सगळे दहावर गेले, मला हसले. दहा वर्षं हसले. मग १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला आणि विंडोज १० चाही सपोर्ट संपला. धनत्रयोदशीला चार दिवस होते. मुहूर्त काढणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पंचांगात अधिक महिना असतो तसं त्यांनी घरगुती मंडळींसाठी सपोर्टचं एक अधिक वर्षही काढलं, पण अधिकात कोणी मंगलकार्य करतं का? थोडक्यात, ते दहा वर्षं पळाले, मी बसून राहिलो, आणि आज आम्ही एकाच रांगेत उभे आहोत. यावरून काय ते शिका.

नव्या विंडोज ११ ला विचारून पाहायचं असेल तर जरूर विचारा, नकार ऐकायची सवय होते. त्याला प्रोसेसर आठव्या पिढीपासूनचा लागतो, म्हणजे साधारण २०१७ नंतरचा. शिवाय टीपीएम २.० नावाची एक चिप लागते, किल्ल्या जपून ठेवणारी. आमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. आमच्याकडे मुलगी दाखवायला नेली तर आजोबा कोण, मूळ गाव कोणतं, एवढं विचारतात. आठ पिढ्या कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

यातून बँकेचं काम कसं करायचं, हे पुष्कळ जण विचारतात. सोपं आहे. बँकेचं पान म्हणतं, ब्राउझर अपडेट करा. आमचा क्रोम १०९ वर थांबलेला आहे, कारण ११० पासून त्याला विंडोज १० लागतं. ते फुकट होतं तेव्हा मी घेतलं नाही, आता सगळे म्हणतात नवा लॅपटॉप घ्या. नव्या लॅपटॉपला पैसे लागतात. पैसे बँकेत आहेत. मग पिशवी घ्यायची, बँकेत चालत जायचं आणि पासबुक भरून आणायचं. वाटेत पोहे होतात.

पोह्यांवरून आठवलं. कळफलकाशेजारी पोहे घेऊन बसू नये असं सगळे सांगतात. मी सांगतो, बसा, पण आपण काय गमावतोय ते ठाऊक असू द्या. इंदूरच्या पोह्यांवर शेव असते आणि शेवेवर जीरावन नावाचा मसाला असतो. जीरावन इतकं बारीक की फुंकरीने उडतं आणि बटणांच्या फटीतून बरोबर खाली उतरतं. २०२२ च्या श्रावणात माझं एक बटण त्यापायी गेलं. एकच. इंग्रजी जी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय. तुम्ही युनिकोडमधली माणसं. मी कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो, त्यात इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. आमच्या मध्य प्रदेशात सरकारी चिठ्ठीचपाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत वर्षानुवर्षं कृतिदेवच चालला, माझी बोटं त्यावरच वळलेली. कृतिदेवमध्ये जी म्हणजे 'ह', आणि शिफ्ट धरून जी म्हणजे 'ळ'. आता मराठी माणसाच्या आयुष्यातून एका सकाळी ह आणि ळ एकदम उठून गेले, तर काय उरतं ते कल्पना करून पाहा. 'आहे' जातो. 'नाही' जातो. 'सकाळ' जाते, 'संध्याकाळ' जाते, 'वेळ' तर जातेच. 'महाराष्ट्र मंडळ' लिहायला जावं तर 'माराष्ट्र मंड'.

आणि गणेशोत्सवाची पत्रिका माझ्याकडे असते. गेली वीस वर्षं.

माझा सल्ला असा की अशा वेळी बटण दुरुस्त करू नये, भाषा दुरुस्त करावी. मी 'मंडळ' काढून 'समाज' केलं. 'सकाळी' ऐवजी 'प्रातःकाली'. 'आहे' ऐवजी 'असे'. 'सर्वांनी हजर राहावे' च्या जागी 'सर्वांची उपस्थिती प्रार्थनीय असे.' पत्रिका छापून आली तेव्हा रामबागेतल्या दोन ज्येष्ठांनी मुद्दाम फोन करून सांगितलं, अशी भारदस्त मराठी आता वाचायला मिळत नाही हो. मी नम्रपणे म्हटलं, वाचन आहे थोडंफार.

अडलं एकाच ठिकाणी. हळदीकुंकू. एका शब्दात दोन्ही अक्षरं, तीही सुरुवातीलाच एकापाठोपाठ एक, आणि प्रतिशब्द काही केल्या सुचेना. 'दीकुंकू' छापणं शक्य नव्हतं. दोन दिवस विचार करून शेवटी 'सुवासिनींचा कुंकुमकार्यक्रम' असं लिहिलं. कार्यकारिणीतल्या बायकांनी मला खुर्चीवर बसवून विचारलं, "हळद का काढलीत? खर्च वाचवायला?" हळद नाही, बटण गेलंय, हे बैठकीत पटवून देणं फार अवघड असतं. इतिवृत्तात 'हळद पूर्ववत ठेवावी' असा ठराव आहे. तो मलाच टाइप करायचा होता. हाताने लिहिला.

बाहेरून लावायचा कीबोर्ड मिळतो, हे मलाही माहीत आहे. कृपा करून सुचवू नका.

नवा लॅपटॉप घ्या म्हणणाऱ्यांचं तोंड बंद करायलाही कृतिदेव फार उपयोगी. मंडळाचे सगळे जुने हिशेब त्यात आहेत. मी ती फाइल मुलीच्या नव्या लॅपटॉपवर उघडून दाखवतो. तिथे 'गणपती' हा शब्द 'एक्स टिंब के आय आर एच' असा दिसतो. लोक गप्प होतात. "बघा," मी म्हणतो, "बाप्पा इथेच आहे, तिकडे गेला की असा होतो." तोच फॉन्ट नव्या मशीनवर दोन मिनिटांत टाकता येतो आणि बाप्पा जसाच्या तसा दिसायला लागतो, ही गोष्ट तुमच्या-माझ्यात राहू द्या.

एवढं करूनही घरातल्या तरुण माणसापासून सावध राहा. माझा भाचा पुण्याला असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आला की आधी माझ्या मराठीतलं हिंदी काढतो, मग माझ्या लॅपटॉपकडे वळतो. या वेळी पेनड्राइव्ह घेऊनच आला. "मामा, यात लिनक्स मिंट आहे, विंडोजच्या जागी चालतं. आतल्या डिस्कला हात लावत नाही, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघू."

बघू म्हटलं. पाहुण्याला नाही कसं म्हणणार.

मशीन चालू झालं. त्याने वायफाय जोडलं आणि कोपऱ्यातली तारीख आपोआप बरोबर झाली. कोणी टिचकी मारली नाही. करोना आला नाही, गेला नाही. इंटरनेटवरून वेळ विचारून घेतं म्हणे. मग त्याने ब्राउझर उघडला. अगदी अलीकडचा होता. बँकेचं पान उघडलं. मला आत घेतलं. शिल्लक दाखवली, जी पाहून भाचा म्हणाला, "मामा, एवढ्यात तर चार नवे येतील." पंखासुद्धा जरा हळू बोलत होता. चौदा वर्षं ज्याच्या उशाशी बसलो, तो खडखडीत बरा होता. सौ. दारात उभं राहून पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला हसू म्हणणार नाही मी.

मी भाच्याला सरकवलं आणि कळफलक पुढे घेतला. जी दाबलं. काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. माझा जीव भांड्यात पडला.

अशी वेळ तुमच्यावर आली तर उपदेशकाचे आभार मानून पेनड्राइव्ह काढून घ्यावा आणि कुठेतरी ठेवून द्यावा. मी चहाच्या डब्यामागे ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी वीज गेली, आली, मी साल पुढे न्यायला बसलो. २०१६ ला पोचल्यावर उगीच घड्याळाशेजारी पाहिलं. ती खिडकी काही आली नाही.

आता शेवटचं, टाकून देण्याबद्दल. आमचं इंदूर स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिलं आलं, ते उगाच नाही. कचऱ्याची गाडी रोज दारात येते आणि कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. ओला, सुका, प्लास्टिक वगैरे, आणि त्यातच एक इलेक्ट्रॉनिक. त्यामुळे इथे लॅपटॉप टाकणं फार सोपं आहे, आणि म्हणूनच लक्ष ठेवावं लागतं. गाडीचं गाणं ऐकू आलं की मी लॅपटॉपवर टॉवेल टाकतो. घरच्यांचा भरवसा नाही.

परवा टॉवेल टाकून गॅलरीत आलो तर समोरच्या काकू गाडीपाशी उभ्या. हातात लॅपटॉप. चकचकीत, एकही झाकण निखळलेलं नाही, सगळी बटणं जागच्या जागी. मी वरूनच विचारलं, "काकू, काय झालं त्याला?"

"काही नाही हो, चांगला चालतो. पण मुलगा म्हणाला विंडोज दहाचं संपलं आता, अकरा यावर चढत नाही. सहाव्या पिढीचा आहे म्हणे."

सहाव्या! माझ्यापेक्षा तीन पिढ्यांनी तरुण. गाडीवरच्या पोराने इलेक्ट्रॉनिकवाल्या खणाचं झाकण उचललं होतं. मी चपला न घालताच जिना उतरलो, चहाच्या डब्यामागे हात घालायला मधूनच परत वर गेलो, पुन्हा उतरलो, आणि रस्ता ओलांडता ओलांडता ओरडलो, "काकू, थांबा! चार्जर कुठे ठेवलाय?"