जुन्या फियाटवरचा तो मेसेज, आणि त्यातला जीवघेणा सल्ला

‘जुनी फियाट, अँबेसेडर वापरणाऱ्यांनी जरूर वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. ‘एका अनुभवी आर.टी.ओ. अधिकाऱ्याकडून’ असं त्याच्या डोक्यावर लिहिलंय, पण नाव-गाव काही नाही. दावे थोडक्यात असे: १५ वर्षं झालेली गाडी आता सक्तीने भंगारात जाणार. ५० वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ (व्हिंटेज) नंबर घेतला की कायमची सुटका. मागच्या चाकांवर चालणारी गाडी घाट उतरताना न्यूट्रल करावी, इंजिन बंद केलं तर उत्तम. पेट्रोल वाचतं आणि प्रोपेलर शाफ्टला (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला) आराम मिळतो. पावसाळ्यात डिकीत वाळूची दोन पोती ठेवावीत. गाडी गरम होत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकावा. इथेनॉलच्या पेट्रोलवर उतारा म्हणून टाकीत रॉकेल घालावं. आणि शेवटी, पार्ट मिळतच नाहीत तर वेळेत विकून मोकळे व्हा.

असे मेसेज मी वाचून सोडून देतो. हा सोडला नाही, कारण तो कराडला माझ्या मामांकडे पोचला. मामांकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, आहे आणि ते ती रोज चालवतात. मेसेज वाचून त्यांनी दोन गोष्टी केल्या. भंगारवाल्याला गाडी दाखवली, आणि चिपळूणला लेकीकडे जाताना कुंभार्ली घाट न्यूट्रलमध्ये उतरले. फोनवर मला म्हणाले, “अरे, खाली पोफळीला थांबलो तर चाकांना जळल्यासारखा वास येत होता.” तो वास ऐकून मी हे लिहायला बसलोय.

आधी कायद्याचं बोलू, कारण मामांची झोप त्याने उडवली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ४१ वाचा. त्याच्या पोटकलम ७ मध्ये लिहिलंय की खासगी वाहनाचं नोंदणी प्रमाणपत्र १५ वर्षं चालतं आणि त्याचं नूतनीकरण करता येतं. पोटकलम १० म्हणतं, हे नूतनीकरण ५ वर्षांसाठी. म्हणजे १५ वर्षं ही नोंदणीच्या कागदाची मुदत आहे. मुदत संपायच्या आत फॉर्म २५ भरायचा, गाडी आर.टी.ओ.त नेऊन दाखवायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, पुढची ५ वर्षं मिळतात. मामांच्या आर.सी.वर २००१ पासून हेच होत आलंय. शिक्के त्यांच्या कपाटात आहेत आणि तरी ते मेसेजवर विश्वास ठेवून बसले, याचं मला फार वाईट वाटतं. चाळीस वर्षं सांभाळलेली गाडी माणूस एका निनावी मजकुरासाठी वजनावर द्यायला निघतो, म्हणजे या मजकुरात किती भीती भरली असेल.

मग हे आलं कुठून? दोन-तीन खऱ्या बातम्यांची खिचडी आहे. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशाने बंदी आली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा नियम लागू केला, तो काही दिवसांतच थांबवावा लागला. ते प्रकरण तिथलं, कराड-चिपळूणचं नाही. दुसरी बातमी, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ती गेली कारण मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा नियम घरच्या गाडीला लावायचं कारण नाही. तिसरी, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. सरकारी गाड्यांची.

यात एक गोष्ट मला मान्य करावी लागते. जुनी गाडी ठेवणं सरकारने महाग केलंय, आणि ते ठरवून केलंय. मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० केली. उशीर केलात तर महिन्याला दंड वेगळा. तपासणीत गाडी नापास झाली तर ती उभी करावी लागेल, हेही खरं. पण खिशाला चाट बसणं वेगळं आणि गाडी जप्त होणं वेगळं.

‘व्हीए’चा मुद्दा मात्र अर्धवट वाचून लिहिलाय. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्याची पहिली फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण त्या नंबरची गाडी रोज बाहेर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. मंडईत जायला आणि नातवाला शाळेत सोडायला फियाट वापरणाऱ्याने हा नंबर घेतला तर त्याने स्वतःच्या हाताने गाडी घरात कोंडली. कलम ४१ चा साधा रस्ता असताना हे कशाला करायचं?

आता घाटाचं. हा मुद्दा वाचून माझ्या हाताला कंप सुटला, कारण बाकीचे सल्ले गाडी बिघडवतात, हा माणसं मारतो.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर (घर्षणाच्या पट्ट्या) घासून गाडी थांबते. पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन साधारण १,२०० किलो होतं. समजा ती ५०० मीटर उंचीवरून खाली आली. शाळेतलं गणित करा: वजन, गुरुत्व, उंची यांचा गुणाकार सुमारे ५९ लाख ज्यूल येतो. साधं, नळाचं २० लिटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता लागते. वारा आणि टायरचं घर्षण त्यातली काही खातात. उरलेली कुठेतरी जायलाच हवी. गाडी गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन अंगावर घेतं. न्यूट्रलमध्ये असेल तर सगळी चार ड्रमांत जाते. ड्रम तापला की तो फुगतो आणि लायनरपासून लांब सरकतो, म्हणजे पॅडल जास्त खोल दाबावं लागतं. लायनर तापलं की त्याची पकड कमी होते. मामांना आलेला वास हा त्याचाच.

इथवर थांबलं तरी नशीब. पुढे ब्रेक ऑईल येतं. डॉट ३ प्रतीचं नवं ब्रेक ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळायचं नाही, असं त्याचं मानक आहे. पण हे ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी मुरलेल्या ऑईलसाठी तेच मानक १४० अंशांवर येतं. पावसाळी हवेत वर्षानुवर्षं न बदललेलं ऑईल घेऊन किती जुन्या गाड्या फिरतात, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. व्हील सिलिंडरात (चाकातल्या, लायनर ड्रमवर दाबणाऱ्या नळकांड्यात) ऑईल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल काही न पकडता तळाला जातं. त्या क्षणी उताराला लागलेली गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर हातात उरतो फक्त हँडब्रेक, आणि तोही त्याच तापलेल्या मागच्या ड्रमांवर चालतो. वेग वाढलेल्या गाडीला खालच्या गिअरमध्ये घालू म्हणाल तर पद्मिनीचा गिअर त्या वेगात पडेलच याचा भरवसा कुणी देऊ नये.

आणि ‘प्रोपेलर शाफ्टला आराम’? हे लिहिणाऱ्याने कधी गाडीखाली वाकून पाहिलेलं नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाकं फिरली की अॅक्सल फिरतात, त्यांच्याबरोबर क्राऊन-पिनियन (मागच्या अॅक्सलमधली दात्यांची जोडी), आणि पिनियनला जोडलेला प्रोपेलर शाफ्ट. गिअर न्यूट्रल असो की टॉप, गाडी पुढे सरकतेय तोवर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस (टोकांचे सांधे) फिरतच राहतात. न्यूट्रल केल्याने सुटतो तो फक्त इंजिनशी असलेला सांधा. उलट इंजिन बंद केलंत तर गिअरबॉक्समधला खालचा शाफ्ट थांबतो. एरवी त्याचे दाते ऑईल वर उडवतात आणि वरच्या गिअरना ते मिळतं. तो थांबला आणि मेन शाफ्ट मात्र चाकांच्या जोराने फिरतोय, म्हणजे वरचे बुश आणि बेअरिंग कोरडे पडायला लागतात. म्हणूनच अशी गाडी लांबवर टो करायची झाली तर जाणकार मेकॅनिक प्रोपेलर शाफ्ट सोडवून ठेवतो किंवा मागची चाकं उचलून घेतो. शाफ्टला आराम द्यायच्या नावाखाली गिअरबॉक्सची वाट लावायची ही रीत आहे.

पेट्रोल वाचतं का? थोडं वाचतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत उतारावर पाय काढला तरी इंजिन थोडं पेट्रोल ओढत राहतं, आणि गिअरमध्ये ते जास्त वेगाने फिरत असल्याने न्यूट्रलपेक्षा काही थेंब जास्त जातात. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत हेही खरं नाही, तिथे उतारावर गिअरमध्ये असताना पेट्रोल पूर्ण तुटतं. तर एका घाटात वाचणार ते चहाच्या पैशाएवढं, आणि त्यासाठी गाडीत बसलेल्या सगळ्यांचा जीव टांगायचा. जुने ड्रायव्हर सांगत आले तेच बरोबर आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, वेग पाडा, सोडा. ब्रेक ऑईल दोन वर्षांतून एकदा पूर्ण काढून नवं भरा, वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे.

वाळूच्या पोत्यांचं थोडक्यात. बर्फाच्या देशांत मागच्या चाकांना पकड यावी म्हणून डिकीत वजन ठेवतात, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नाही. पण आपल्याकडे ओल्या डांबरावर घसरण्याचं कारण सहसा टायर असतं. जुनी गाडी कमी चालते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१६ असेल तर तो २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. ते वाचा आणि टायर बदला. शंभर किलो वाळू मागे टाकलीत तर पाटे बसतील, पुढचा भाग हलका होऊन स्टिअरिंगची पकड जाईल, आणि थांबवायचं वजन वाढेल.

थर्मोस्टॅट काढण्याची खोड तर गॅरेजांतूनच पसरली. गाडी गरम होते ती बहुतेकदा गाळाने भरलेल्या रेडिएटरमुळे, थकलेल्या पाण्याच्या पंपामुळे किंवा सैल फॅनबेल्टमुळे. थर्मोस्टॅट काढलात तर इंजिन वेळेवर तापतच नाही, चोक जास्त वेळ लागतो, पेट्रोल वाया जातं, झीज वाढते. नवा थर्मोस्टॅट बसवा, रेडिएटर उघडून साफ करून घ्या.

इथेनॉलबद्दल मेसेजची तक्रार खरी आहे, आणि हे मी काही आनंदाने लिहीत नाही. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून या गाड्या बनल्याच नव्हत्या. इथेनॉल पाणी ओढतं, जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा खराब करतं, टाकीतला वर्षांचा मळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून अॅव्हरेजही पडतो. पण उपाय रॉकेल? रॉकेलने ऑक्टेन घसरतं, इंजिन खटखटायला लागतं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह खराब होतात. इथेनॉल सोसणारे पाइप आणि नवा पडदा बसवा, टाकीच्या बाहेर साधा पारदर्शक फिल्टर लावा, मेकॅनिककडून कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल येण्याची बारीक भोकं) तपासून घ्या, आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

पार्टचं म्हणाल तर पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आणि ऑपेरा हाऊसचा बाजार आहे. ज्या कुर्ल्यात पद्मिनी बनली तिथेच त्यांचे सुटे भाग अजून हाती लागतात. क्रॉस, क्लच प्लेट, ब्रेकचं किट, पॉइंट, कंडेन्सर ही रोजची गरज भागते. दाराची रबरं, काचा, सरळ पत्रा आणि चांगल्या प्रतीचं क्राऊन-पिनियन शोधताना दमछाक होते, ते मी नाकारत नाही. म्हणून मागच्या अॅक्सलच्या हौसिंगमधलं ९० नंबर ऑईल आणि किंगपिनचं (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीचं) ग्रीसिंग वेळच्या वेळी करायचं, म्हणजे न मिळणारी वस्तू शोधायची पाळी लांबते.

मामांची पुढची नोंदणी २०२६ मध्ये आहे. भंगारवाल्याला नाही म्हणून झालंय, ब्रेकची चारही चाकं उघडून ऑईल, लायनर, व्हील सिलिंडर नवे टाकायला गाडी गॅरेजला गेली आहे. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला असेल त्यांनी त्याच ग्रुपवर आजच्या आज एवढं तरी लिहावं की घाटात न्यूट्रल करण्याचा मुद्दा चुकीचा आहे. बाकीचे मुद्दे मग सवडीने मागे घ्या.