एफसीसीच्या नोंदीवरून प्रीपेड फोनचं भाकीत होत नाही

अमेरिकेतल्या प्रीपेड कंपन्या पुढे कोणते स्मार्टफोन आणणार, याच्या याद्या पुन्हा फिरताहेत. दावा असा: मॉडेल एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या नोंदीत दिसलं, त्यात नेटवर्कचे बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, जुळतात आणि प्रीपेड कंपनी ज्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क वापरते तिने तो फोन विकायला काढलाय, म्हणजे प्रीपेडवर महिन्याभरात येणारच. तिन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी एफसीसी. ही सरकारी संस्था फोनचं रेडिओ उत्सर्जन तपासते. शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोग्रॅममागे १.६ वॅट, ती पाळली गेली का, हे पाहते. फोन कोण विकणार आणि कधी, याच्याशी त्या मंजुरीचा संबंध नाही.

बँडच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. ६०० मेगाहर्ट्‌झचा बँड ७१ नसेल, तर टी-मोबाइलच्या नेटवर्कवरच्या मेट्रो या प्रीपेड कंपनीकडे तो फोन येण्याची शक्यता कमी, हे मान्य. पण उलटा तर्क चालत नाही. आता अनेक फोनच्या एकाच मॉडेलमध्ये सगळ्या मोठ्या कंपन्यांचे बँड असतात. बँड पाहून नावं गाळता येतात, निवडता येत नाहीत.

तिसरा मुद्दा सगळ्यात फसवा आहे. स्प्रिंट या तेव्हाच्या मोठ्या नेटवर्क कंपनीने ऑक्टोबर २०११मध्ये आयफोन विकायला सुरुवात केली. तिच्याच मालकीच्या प्रीपेड कंपन्यांपैकी व्हर्जिन मोबाइलकडे तो जून २०१२मध्ये आला आणि बूस्टकडे थेट नोव्हेंबर २०१३मध्ये! मालक एक, नेटवर्क एक, तरी एवढं अंतर. कारण निर्णय पैशांचा असतो. क्रिकेट ही प्रीपेड कंपनी तेव्हा चालवणाऱ्या लीप वायरलेसने ३ वर्षांत सुमारे ९० कोटी डॉलरचे आयफोन घेण्याची हमी दिली होती. मोठ्या कंपन्यांच्या करारावर १९९ डॉलरला मिळणारा आयफोन ४एस क्रिकेटच्या ग्राहकाला सुमारे ५०० डॉलरला पडायचा, आणि पहिल्याच वर्षी विक्री ठरलेल्या आकड्याच्या बरीच मागे राहिली. अशी जोखीम कोण, कधी घेणार, हे कुठल्याही तपासणी अहवालात लिहिलेलं नसतं.

प्रीपेडचा ग्राहक बहुतेकदा स्वतःच्या खिशातून फोन घेतो, म्हणून या याद्यांचा मला राग येतो. फुटक्या स्क्रीनवर दिवस काढत यादीतल्या नावाची वाट पाहू नका. कंपनी आज जे विकते ते बघा. नाहीतर अनलॉक, म्हणजे एकाच कंपनीला न बांधलेला, फोन पसंत करा आणि पैसे देण्याआधी त्याचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.