स्वस्त, आरामशीर आणि प्रतीक्षायादीत

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबासह गोव्याहून मुंबईला रेल्वेने जायचे, तेही आरामात आणि खिशाला झळ न लागता, हे ज्यांना अशक्य वाटते त्यांनी नियोजनच केलेले नसते. माझे नियोजन गेली अनेक वर्षे निर्दोष आहे. प्रवास तेवढे बिघडतात.

पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे. म्हणजे मे महिन्यात निघायचे असेल, तर मार्चमध्ये, गावात शिगम्याचे ढोल वाजण्याच्या दिवसांत, आपण सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल हातात घेऊन बसलेले असले पाहिजे. रजा मंजूर होईल का, मुलांच्या परीक्षा कधी संपतील, दादरची आत्या त्या आठवड्यात घरी असेल का, या किरकोळ बाबी नंतर पाहता येतात. आठ वाजून तीन मिनिटांनी हाती प्रतीक्षायादीतला क्रमांक आला तरी खचू नये. पुढचे ५९ दिवस रोज सकाळी चहाबरोबर तो क्रमांक पाहावा. मनाला एक शिस्त लागते.

क्रमांक हललाच नाही, तर तत्काळ आहेच. निघण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गाचे तत्काळ दहा वाजता उघडते आणि स्लीपरचे अकरा वाजता. मधला एक तास दहा वाजताच्या तिकिटाचे सुतक पाळण्यासाठी ठेवलेला असावा. स्लीपरला त्यासाठी १०० ते २०० रुपये जास्त पडतात आणि निश्चित झालेले तिकीट रद्द केल्यास एक पैसा परत मिळत नाही, तेव्हा आत्याचा बेत बदलला तरी आपला बदलू नये. जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. आमच्या घरी तो वडिलांच्या मोबाइलवर येतो आणि अकरा वाजता वडील कुळागरात पोफळींना पाणी सोडत असतात, जिथे फोनला रेंज नसते. आपण मात्र ही सोय आधी पाहून ठेवावी, किंवा वडिलांना तेवढा दिवस घरी बसवावे.

तिकीट मिळाले असे समजू आणि ते स्लीपरचे आहे असेही समजू, कारण स्वस्ताईचा मुद्दा आपणच काढला होता. आता ऊन कोणत्या बाजूला येईल याचा हिशेब करावा. गाडी उत्तरेकडे जाते, म्हणून सकाळी ऊन उजवीकडून आणि दुपारनंतर डावीकडून येणार, हे कोणीही सांगेल. अभ्यासू प्रवाशाला पुढचेही ठाऊक असते: मेच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे डब्याचे छप्पर तव्यासारखे तापते आणि कोणत्याही बाजूला बसलो तरी अन्याय होत नाही. वरच्या बर्थवर, छपरापासून हातभर अंतरावर, याची खात्री करून घेता येते.

पंखा बंद असेल तर तक्रार करू नये, कंगवा काढावा. जाळीतून कंगव्याचे टोक आत घालून पात्याला हलकेच ढकलले की बहुतेक पंखे सुरू होतात. गेल्या मे महिन्यात माझा पंखा इतक्या उत्साहाने सुरू झाला की त्याने कंगव्याचे चार दात उडवले, त्यातला एक समोरच्या आजोबांच्या दहीभातात पडला. आजोबांनी तो बोटाने उचलून खिडकीबाहेर टाकला आणि म्हणाले, "वारा आला ना? मग झालं." पुढे आजोबा रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या बोगद्याची वाट पाहत होते. साडेसहा किलोमीटरचा तो काळोख ही कोकण रेल्वेवरची सगळ्यात स्वस्त वातानुकूलित सेवा आहे, आणि २०२२ मध्ये मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून तिच्यात डिझेलचा धूरही मिळत नाही.

खर्चाबाबत एक सूचना. घरापासून स्थानकापर्यंतच्या टॅक्सीचे भाडे हिशेबात धरू नये. ते धरले, तर डिचोलीचा माणूस थिवीला पोहोचण्याआधीच परत फिरेल. सामानात सोलकढी नको, कारण नारळाचा रस रत्नागिरीपर्यंत आपला स्वभाव बदलतो. आत्यासाठी मानकुरादची पेटी मात्र न्यावीच. ती सीटखाली ठेवली की उकाड्याने आंबे भराभर पिकतात, वास अख्ख्या डब्यात पसरतो आणि ठाणे येईपर्यंत आत्याला आपल्यापेक्षा बरे ओळखणारे पाच-सहाजण भेटतात.

बाकी वेळेची काळजी करू नये. मार्ग बहुतांशी एकेरी आहे, म्हणून कणकवलीच्या अलीकडे एखाद्या छोट्या स्थानकात गाडी क्रॉसिंगला थांबणारच. पंखे फिरत असतात, वारा नसतो, आणि पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन एक बाई खिडकीशी येते. सुटे पैसे आधीच काढून ठेवावेत. समोरून वंदे भारत जाते, काचेआड एक बाई शाल लपेटून कुडकुडत बसलेली क्षणभर दिसते, आणि करवंदवाली गाडीबरोबर चालू लागत ओरडते, "ताई, दहाची नोट नको, फाटलेली आहे!"