स्पेनचा अंधार आणि सौंदत्तीच्या पवनचक्क्या

भावकीच्या ग्रुपवर, दूध डेअरीच्या ग्रुपवर, मंडळाच्या वर्गणीच्या ग्रुपवरसुद्धा सध्या एकच मजकूर फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘हेस्कॉम हे तुम्हाला कधीच सांगणार नाही’ (हेस्कॉम म्हणजे आपली वीज कंपनी) आणि खाली पाच दावे. सोलरमुळे स्पेन अंधारात गेला, आता पाळी कर्नाटकाची. पवनचक्क्या पाऊस पळवतात. ऊन-वाऱ्याचा भरवसा नाही, त्यावर ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, चालणार नाही. रात्री सोलर शून्य, म्हणून कोळसाच खरा. आणि छतावरचं सोलर ही शुद्ध फसवणूक, कारण करंट गेला की तेही बंद पडतं.

माझं पोट विजेच्या कामावर चालतं, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांची पॅनेलं आणि मोटारी बघतो. त्यामुळे हा मजकूर ‘हे खरं काय हो?’ अशा शेपटासकट माझ्याकडे रोज येतो. पाचातले दोन दावे अगदीच टाकाऊ नाहीत. पण भांडण भलत्याच दारात जाऊन केलंय.

आधी स्पेन. 28 एप्रिल 2025 रोजी दुपारी 12 वाजून 33 मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, हे खरं. त्या वेळी स्पेनमधल्या विजेत सोलरचा वाटा निम्म्याहून जास्त होता, हेही खरं. मजकूर इथे थांबतो आणि घोळ इथेच आहे. वीज जाण्याआधी अर्धा तास तिथल्या ग्रिडवर हेलकावे येत होते. ते शमवायला जे उपाय केले त्यांनी व्होल्टेज वर चढायला लागलं. चढलेलं व्होल्टेज खाली ओढायचं म्हणजे लाइनवरची जादा रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाइनवर हेलपाटे घालणारी वीज) शोषून घ्यायची. हे काम पारंपरिक केंद्रांकडे सोपवलेलं होतं. स्पेन सरकारच्या जून 2025 च्या अहवालानुसार त्यांनी ते पुरेसं केलं नाही, शिवाय त्या दिवशी या कामाला लावलेली केंद्रंही कमी होती. व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच एकेक केंद्र स्वतःला वाचवायला ग्रिडवरून सुटत गेलं, काही तर सुटायची गरज नसताना. दर सुटण्यामागे व्होल्टेज आणखी चढलं आणि काही सेकंदांत सगळं आडवं झालं.

मग सोलर केंद्रांनी हात का लावला नाही? कारण तिथल्या नियमाप्रमाणे त्यांनी ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर (कामाच्या विजेच्या ठरावीक प्रमाणावर) चालायचं होतं. व्होल्टेज बघून जुळवून घेणं त्यांच्या कामातच धरलेलं नव्हतं. सोलरची वीज ग्रिडजोगी करणारा जो इन्व्हर्टर हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करू शकतो, त्याला नुसता बघत उभा ठेवला होता. पुढे स्पेनने सोलर मोडीत काढलं नाही. तो नियम बदलला आणि तोवर आधाराला गॅसची केंद्रं जास्त चालू ठेवली.

आपल्याकडे मोठ्या सोलर-पवन केंद्रांनी व्होल्टेजला आधार द्यावा, झटका आला तरी लगेच सुटू नये, असं केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या जोडणी नियमांत आहे. नियम आहे म्हणून सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. राजस्थानात 2022 पासून बऱ्याच वेळा व्होल्टेज बिघडून हजारावर मेगावॅट एका दमात गळालं आहे. हा दोष खरा आहे. पण तो सेटिंगचा, तपासणीचा आणि सोलर आधी व लाइन मागाहून अशा नियोजनाचा आहे. त्याचं खापर उन्हावर कशाला?

पवनचक्क्यांच्या दाव्यावर जास्त शाई घालवत नाही. मोसमी ढगांतली वाफ समुद्रावरून येते आणि कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेली असते. चक्कीचं पातं जमिनीपासून फार तर दोन-अडीचशे मीटरवर फिरतं. त्याने रात्री जमिनीलगतचं तापमान किंचित बदलतं, पाऊस हाकलला जात नाही. कणकुंबीला सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो कोसळून अथणी-सौंदत्तीकडे पोचेपर्यंत पाऊस रोडावतो. हा पर्जन्यछायेचा पट्टा चक्क्यांच्या कितीतरी आधीचा. उघड्या माळावर वारा चांगला लागतो म्हणून चक्क्या तिथे आल्या. 1972 च्या दुष्काळात इथे कुठली पवनचक्की होती? आणि ऑगस्ट 2019 मध्ये घटप्रभा-मलप्रभेने गोकाक, रामदुर्ग बुडवलं, तेव्हा याच चक्क्या माळावर उभ्या होत्या. तेव्हा त्यांनी पाऊस का नाही पळवला, हे कोणी फॉरवर्ड केल्याचं आठवत नाही.

तिसरा दावा, भरवशाचा. ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी विजेची आवर्तनं, सतत 50 हर्ट्झच्या आसपास राहावी लागते. मागणी वाढली की फ्रिक्वेन्सी उतरते, निर्मिती जास्त झाली की चढते. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्राचं फिरतं धूड जुन्या डिझेल इंजिनाच्या जड चाकासारखं असतं, धक्का बसला तरी लगेच थांबत नाही. सोलरला असं चाक नाही. ते वाढलं की ही जडता कमी होते, हा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यावरून ‘ग्रिड चालणार नाही’ इथपर्यंत उडी मारता येत नाही, कारण चढउतार ग्रिडला नवे नाहीत.

5 एप्रिल 2020 आठवा. रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं आणि तेव्हाही ‘ग्रिड कोसळणार’ म्हणून असाच मजकूर फिरला होता. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅटने घसरली. जलविद्युत केंद्रांनी सुमारे 17 हजार मेगावॅट खाली आणले, बाकीचं इतरांनी सावरलं आणि फ्रिक्वेन्सी 49.70 ते 50.26 च्या आत राहिली. मावळता सूर्य तर असा एकदम झटकाही देत नाही. त्याची वेळ कालनिर्णयवर छापलेली असते. ढग आणि वारा अवघड, म्हणून कर्नाटकात मोठ्या सोलर-पवन केंद्रांना दुसऱ्या दिवसाचा अंदाज 15-15 मिनिटांच्या 96 तुकड्यांत द्यावा लागतो. अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे चुकला तर पैसे भरावे लागतात.

ऋतूंचंही गणित आहे. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं तेव्हा वारा जोरात असतो. दिवाळीच्या आसपास तो पडतो, तोवर आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि चिपाडावरची वीज ग्रिडवर यायला लागते. ग्रिड जितकं लांबरुंद, तितकं हे एकमेकांना सांभाळून घेणं सोपं. दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एकजीव झालं ते 31 डिसेंबर 2013 ला, रायचूर-सोलापूर या 765 केव्ही लाइनने. सीमेवरून दोन राज्यांचं कितीही वाजो, फ्रिक्वेन्सी त्या दिवसापासून एकच आहे. आणि जुलै 2012 मध्ये उत्तर भारतापासून ईशान्येपर्यंत 60 कोटींवर लोक अंधारात गेले, त्या वेळी देशात सोलर चिमूटभर होतं. तिथे मूळ दुखणं लाइनवर झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ओढण्याचं होतं.

चौथ्या दाव्यात तथ्य सगळ्यात जास्त. संध्याकाळी सात वाजता घराघरांत दिवे-टीव्ही सुरू होतात आणि सोलर शून्यावर असतं. रायचूर, बळ्ळारीची कोळशाची केंद्रं उद्या बंद करा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण मजकुरात ऑक्टोबर 2023 च्या वीजटंचाईचा दाखला दिलाय तो उलटा पडतो. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, धरणं भरली नाहीत, त्यात शेतीपंपांची मागणी वाढली, आणि पंपांची थ्री फेज 7 तासांवरून 5 तासांवर आली. शेवटी उत्तर प्रदेश आणि पंजाबकडून उसनी वीज घेतली, पावसाळ्यात वारा-पाणी असताना परत करायच्या बोलीवर. म्हणजे अडचणीतून काढलं ते आंतरराज्य लाइनींनी आणि आपल्या पुढच्या हंगामातल्या वाऱ्याने.

रात्रीच्या प्रश्नाला दोन उत्तरं. एक साठवण. सौंदत्तीजवळ मलप्रभेच्या रेणुकासागर जलाशयाला धरून पंप्ड स्टोरेज प्रकल्प आखलेला आहे. दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. चार युनिट घातली तर तीन-सव्वातीन परत मिळतात, तो तोटा धरूनच हिशेब करायचा.

दुसरं उत्तर मला जास्त जवळचं: मागणीच दिवसा आणा. कर्नाटकात विजेचा मोठा हिस्सा शेतीपंप खातात आणि उसाला रात्रीच पाणी हवं असतं असं काही नाही. खानापूरच्या बाजूला मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्याला विचारा. बांधावर साप, पलीकडे गवा. म्हणून माणसं ऑटो स्टार्टर बसवतात. मग थ्री फेज आली की त्या टीसीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो, कधी टीसीच जळतो आणि पुढचे काही दिवस कोणाचंच पीक भिजत नाही. शेतीचे फीडर (सबस्टेशनवरून निघणाऱ्या लाइनी) वेगळे काढून त्यांना दुपारी, पाळ्या लावून वीज दिली, जवळच सोलर बसवलं, तर लांबच्या लाइनीतला तोटाही वाचतो. पीएम-कुसुम योजनेत फीडरवर सोलर बसवायची तरतूद आहे. आपल्या फीडरचं काय झालं, हा प्रश्न तो मजकूर पुढे ढकलण्यापेक्षा हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात विचारावा.

राहिलं छतावरचं सोलर. करंट गेल्यावर ते बंद पडतं, होय, आणि ते पडलंच पाहिजे. लाइनमन फीडर बंद करून खांबावर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज उतरली तर तो जिवाला मुकेल. म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टरने आपणहून सुटायचं, असा दंडक आहे. करंट नसतानाही दिवे हवे असतील तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, तो महाग पडतो. विकणारा हे आधी सांगत नाही, ही तक्रार वाजवी आहे. पण ती विकणाऱ्याची, सोलरची नव्हे. 3 किलोवॅट आणि त्यापुढे मिळणारं 78,000 रुपयांचं केंद्राचं अनुदान बॅटरीसाठी नाही, हेही आधीच विचारून घ्या.

याच दाव्यातला एक अनुभव मात्र खरा असतो: करंट असतानाही भर दुपारी सोलर बंद. कारखान्यांना सुट्टी, घरं रिकामी, लोड कमी, आणि लाइनवर व्होल्टेज 230 ऐवजी 255-260 च्या घरात. इन्व्हर्टर मर्यादा ओलांडली म्हणून सुटतो. स्पेनचंच दुखणं, गल्लीपुरतं. बऱ्याचदा संध्याकाळी शेवटच्या घराला व्होल्टेज पुरावं म्हणून टीसीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) वर ठेवलेला असतो. तुमचं असं होत असेल तर इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधून तारीख, वेळ आणि व्होल्टेजचे फोटो काढा, शेजारच्या सोलरवाल्यालाही तसंच होतंय का बघा, आणि दोघांचा मिळून लेखी अर्ज द्या: टीसीला टॅप असेल तर तो तपासावा, नसेल तर फेजवरचा लोड सारखा वाटावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.