वाचून तरी लावा रे ते बॅनर!

आमच्या गल्लीच्या तोंडाला गणपतीचं एक बॅनर लटकतंय. त्यावर 'श्री' आहे असं मंडळाची पोरं म्हणतात. मला तिथं श्री दिसत नाही. श ला कुठली तरी जादा वेलांटी चिकटलीय, र चा पत्ता नाही. खाली 'गणेशोत्सव' म्हणून जे छापलंय त्यात ण च्या जागी नुसत्या तीन उभ्या काठ्या. त्याखालची कन्नड ओळ तर कन्नडही नाही आणि तेलुगूही नाही, गोल गोल वेटोळी आहेत. केवढं मोठं फ्लेक्स, तेही वर्गणीच्या पैशातून! त्याच्याखालून सगळी गल्ली ये-जा करते आणि एकाही माणसानं अजून विचारलेलं नाही, की अरे, हे काय लिहिलंय?

आणि हे बेळगावात! दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर मी मान फिरवून पुढं गेलो असतो. इथं फलकावरच्या अक्षरांपायी माणसांनी मार खाल्लाय. जुलै 2014 मध्ये येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवला तेव्हा गावानं लाठ्या झेलल्या. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. 2024 मध्ये फलकाचा 60 टक्के भाग कन्नडला द्यायचा कायदा आला, तेव्हा मराठीला किती इंच उरणार यावर कट्ट्याकट्ट्यावर भांडणं झाली. आमचा डोळा त्यांच्या बोर्डावर, त्यांचा डोळा आमच्या बोर्डावर. 1956 मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून हेच चाललंय. आणि आता दोन्ही भाषांची अक्षरं एकाच फ्लेक्सवर मोडून पडलीत, तर दोन्हीकडचं कुणी हूं की चूं करत नाही. मराठीसाठी घसा बसेपर्यंत घोषणा देणारी पोरं स्वतःच्याच बॅनरवरची मराठी वाचत नाहीत, ह्याचा मला भयंकर राग येतो.

विचारलं तर म्हणाली, "काका, एआयनं केलंय. दोन मिनिटांत झालं."

दोन मिनिटांत काय झालं ते तरी समजून घ्या. चित्र बनवणाऱ्या त्या मशीनला अक्षर वाचता येत नसतं. ते ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतं आणि पायरीपायरीनं तो गोंधळ निवळत नेतं, पूर्वी पाहिलेल्या चित्रांसारखं काहीतरी दिसायला लागेपर्यंत. अक्षर हाही त्याच्यासाठी एक आकारच. इंग्रजी त्यानं अफाट पाहिलंय, म्हणून ते बरं जमतं. आपली जोडाक्षरं, रफार, कानडीतली खाली लटकणारी ओत्तक्षरं त्यामानानं फार कमी पाहिलीत. नवी मॉडेलं सुधारलीत, आणखी सुधारतील, मान्य. उद्या श्री अगदी बिनचूक येईल. तरी माझा राग जाणार नाही, कारण वाचायचं काम तुमचं होतं आणि ते तुम्ही सोडलंत.

मी बोर्ड रंगवणारा माणूस. दुकानांचे बोर्ड, टेम्पोच्या पाट्या, देवळाच्या कमानी. फ्लेक्स आलं तेव्हा आमचा धंदा बसला, तेव्हासुद्धा मी असा चिडलो नव्हतो. फ्लेक्सवाला निदान अक्षरं टाइप करायचा, गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसायचं, "इथं दीर्घ कर रे" म्हणायचं. चूक झाली तर ती कुणाची तरी असायची. आता चूक कुणाचीच नसते.

मला कन्नड कुणी शिकवलं सांगू? शाळेत होतंच, पण ते परीक्षेपुरतं. खरं कन्नड मी ब्रशनं शिकलो, गोकाककडच्या एका पेंटरमामांच्या हाताखाली. मराठी अक्षराला वर सरळ रेघ, कन्नडला तलेकट्टु, म्हणजे डोक्यावरचा तो छोटा बाक. तो नीट वळला नाही की मामा टर्पेंटाइनचं फडकं घ्यायचे आणि अख्खी ओळ पुसायचे. मग म्हणायचे, आधी वाच, मग काढ. त्यांच्या भाषेत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे. आपल्या मराठीला तो फरक माहीतच नाही, त्यामुळं माझ्या कानाला तो ऐकूच यायचा नाही. मामा तोंडाचा आकार करून दाखवायचे, मी पुन्हा म्हणायचो, दुकानात बसलेली माणसं हसायची. त्या हसण्यातूनच माझा कान तयार झाला. मराठी-कन्नड वाद बाहेर पेटलेला असायचा आणि आत आम्ही एकाच डब्यात ब्रश बुडवून दोन्ही भाषांचे बोर्ड रंगवायचो.

आता आमच्या शेजारचा पोरगा नोकरीसाठी कन्नड शिकतोय. चांगली गोष्ट आहे, शिकलंच पाहिजे, इथं पंचायतीचा कागद कन्नड, शेतीची पहाणी, म्हणजे इथला सातबारा, कन्नड, कचेरीतला सगळा व्यवहार कन्नड. पण शिकतोय कुणाकडून, तर मोबाईलमधल्या चॅटबॉटकडून. 'या' म्हणायला ते त्याला 'बन्नि' शिकवतं, 'करतोय' म्हणायला 'माडुत्तिद्देने' शिकवतं. पुस्तकातलं कन्नड आहे ते, चूक नाही. पण बैलहोंगलचा शेतकरी 'बर्रि' म्हणतो, 'माडाकत्तीनि' म्हणतो, आणि हा पोरगा कचेरीच्या खिडकीशी तोंड उघडं टाकून उभा राहतो. त्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून कन्नड घर आहे. तिथल्या अक्का रोज दारात तांदूळ निवडत बसतात. त्यांच्याशी हा एक वाक्य बोलत नाही, लाज वाटते म्हणे. मशीनसमोर लाज वाटत नाही कारण मशीन काहीही बोललं तरी 'खूप छान' म्हणतं. अरे, ते छान म्हणतंय कारण त्याला तसं बनवलंय! तुझा उच्चार अक्कांना कळला का, हे अक्काच सांगतील.

त्याहून वाईट म्हणजे आपली मराठीसुद्धा ते सुधारायला लागलंय. बहिणीची मुलगी खानापुरात असते. तिनं निबंधात आजीच्या तोंडी 'काय करूलालास?' असं वाक्य घातलं होतं. आमच्या भागातली आजी असंच बोलणार. मशीननं ते चुकीचं ठरवलं आणि 'तू काय करत आहेस?' करून दिलं. पोरीनं मुकाट्यानं खोडलं. ही आजी आता पुण्याच्या बातमीदारासारखी बोलते. सत्तर वर्षं आम्ही कर्नाटकात राहून जी बोली टिकवली, ती एका बटणासरशी पुसायची आणि वर त्याला शुद्ध म्हणायचं!

शिवजयंतीचं तर विचारूच नका. इथं ती तिथीनं होते, वैशाखात, आणि रात्रभर चित्ररथ निघतात. चित्ररथामागचे पडदे रंगवायला आम्ही महिनाभर आधी बसायचो. आता पडदा म्हणजे फ्लेक्स आणि फ्लेक्सवर मशीनचे महाराज. जिरेटोपाऐवजी मोगली पगडी, मागे राजस्थानी छत्र्यांचा किल्ला, घोड्याचा लगाम घोड्याच्याच गळ्यात विरघळलेला. एका पडद्यावर तर महाराजांच्या हाताला सहा बोटं होती. येळ्ळूरचा राजहंसगड गाडीवरून अर्ध्या तासात गाठता येतो. तिथल्या पुतळ्याचं अनावरण मार्च 2023 मध्ये दोन पक्षांनी आठवड्याच्या आत दोनदा केलं, इतकं आपलं महाराजांवर प्रेम! पण तिथं जाऊन बुरुजाचा काळा दगड कसा दिसतो ते पाहून चित्र काढावं, असं एकाला वाटत नाही.

ह्याच गावात के. बी. कुलकर्णींनी चित्रकला शिकवली. रवी परांजपे त्यांच्याकडं शिकले आणि पुढं देशभर नाव काढलं. समोर वस्तू ठेवून तासन्‌तास बघायला शिकवणारी ती माणसं. अशांची चित्रं न विचारता गोळा करूनच ही मशीनं तयार झालीत. ज्या एका मोठ्या संग्रहावर त्यातली काही मॉडेलं शिकली त्यात इंटरनेटवरून उचललेल्या सुमारे 585 कोटी चित्रांच्या नोंदी होत्या. चित्र काढणाऱ्यांना ना विचारलं, ना पैसा दिला. अमेरिकेत तीन चित्रकारांनी जानेवारी 2023 मध्ये कोर्टात दावा लावला. इथं आपण कुठल्या कोर्टात जाणार? इथं तर मंडळच म्हणतं, फुकटात होतंय की काका, तुम्हाला कशाला पैसे द्यायचे.

आणि परवा हे शाळेपर्यंत पोचलं. चित्रकला स्पर्धा, विषय 'माझं गाव', चित्र घरून काढून आणायचं. कणकुंबीकडच्या एका मुलीनं मलप्रभेच्या उगमाजवळचं देऊळ काढलं होतं. पायऱ्या वाकड्या, पाणी नको तेवढं निळं, पण कोपऱ्यात पावसात छत्री धरलेली तिची आई होती. पहिलं बक्षीस मिळालं ते प्रिंटरवर काढलेल्या गुळगुळीत चित्राला. त्यात गावामागे बर्फाचे डोंगर होते. बेळगाव जिल्ह्यात बर्फाचे डोंगर! परीक्षकांनी पाहिलं तरी होतं का?

मी मुख्याध्यापकांना जाऊन भेटलो. झालेलं बक्षीस काढून घ्या असं मी म्हटलं नाही, त्या पोराचा काय दोष. पण पुढच्या वर्षी मुलांना वर्गात बसवून कागद आणि रंग हातात द्या, मोबाईल बाहेर ठेवा. कन्नड आणि मराठी दोन्ही वर्ग एकत्र बसवा. कणकुंबीच्या त्या मुलीचं चित्र ह्या वर्षीच फ्रेम करून व्हरांड्यात लावा, फ्रेमचा खर्च माझा. आणि परीक्षक म्हणून मला बोलवा, मी फुकट येतो.