लाइनरखाली गंज मरत नसतो

“हौद्याला स्प्रे लाइनर मारायचाय? मग आधी डेंटिंगवर पैसे घालवू नका. लाइनर जाड असतो, पोचे आपोआप भरतात. गंज असेल तर तसाच मारा, हवा तुटली की गंज मरतो. खोल खड्ड्यात पुट्टी भरा. एकदा लाइनर बसला की परत पोचा पडत नाही.”

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांत फिरणारा हा मेसेज आता ससून डॉकवरून मासळी उचलणाऱ्या आमच्या मामांच्या मोबाइलवर येऊन थडकलाय, आणि मामा भर जुलैत गाडी गॅरेजला लावायला निघालेत. हौदा म्हणजे पिकअपचा मागचा, माल ठेवायचा भाग, आणि स्प्रे लाइनर म्हणजे त्याच्या पत्र्यावर फवारायचा जाड, प्लास्टिकसारखा थर. पाच वाक्यांतलं एकही धड नाही. पण मासळीच्या गाडीला सगळ्यात महागात पडेल ते गंजाचं, म्हणून ते आधी.

हवा तुटली की गंज मरतो म्हणे. तुटते कुठे? लाइनर पॉलियुरेथेनचा असो की पॉलियुरियाचा, दोन्हींतून पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन थोडा थोडा आत झिरपतच राहतो. त्यात पेट्यांतून गळणारं बर्फाचं खारं पाणी. त्यातलं क्लोराइड गंजाच्या बारीक खळग्यांच्या तळाशी जाऊन बसतं, आणि ते वापरून संपत नाही. लोखंड खायला हातभार लावतं नि पुन्हा मोकळं होतं. वरून लाइनर मारलात की हेच मीठ बाहेरचा ओलावा आत ओढतं, थर पत्र्यापासून सुटतो आणि गंज त्या फटीतून पसरतो. साध्या रंगाखाली असं झालं तर रंग फुगतो, पापुद्रे निघतात, निदान दिसतं तरी. लाइनर जाड, खरबरीत आणि चिवट. खाली पत्र्याची चाळण झाली तरी वरून हौदा ठणठणीत. कळतं कधी, तर दोन क्रॉसमेंबरच्या (तळाखालच्या आडव्या दांड्यांच्या) मध्ये पेटीचा कोपरा आरपार उतरतो तेव्हा.

पत्रा किती साफ हवा यावर गॅरेजात वाद घालायचं कारणच नाही. आयएसओ 8501-1 या मानकात ते फोटोंसकट दिलेलं आहे. हाताने किंवा ग्राइंडरने साफ करण्याचे त्यात दोन दर्जे: एसटी 2 आणि एसटी 3. खालच्या एसटी 2 मध्येसुद्धा डोळ्यांना दिसणारं तेल, ग्रीस, मळ आणि सुटा गंज किंवा सुटा रंग चालत नाही. एसटी 3 मध्ये पत्र्याला धातूची चमक आली पाहिजे. ‘तसाच मारा’ असा दर्जा त्यात नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी साबण आणि गोड्या पाण्याचा प्रेशर वॉश, मग ग्राइंडर. उलट केलंत तर मीठ खळग्यांत घोटलं जातं. 60 किंवा 80 नंबरची फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) वापरा. तारेचा ब्रश गंज काढण्यापेक्षा त्याला पॉलिश करून काळपट चमकवतो आणि माणूस फसतो. साफ केलेला पत्रा एक रात्र ठेवून बघा. सकाळी खळग्यांत काळे, ओलसर ठिपके उठले तर मीठ अजून आहे, पुन्हा धुवा, पुन्हा घासा. स्वच्छ निघाला तर डिस्कचा हलका हात फिरवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर.

आता पोचे ‘आपोआप भरतात’ हे. कारागिराने मशीनवर मारलेला थर साधारण 3 मिमी, घरगुती किटचा त्याहून बराच पातळ. मशीनचा गरम माल काही सेकंदांत घट्ट होतो, वाहून खड्ड्यात जमायला त्याला वेळच मिळत नाही. 10 मिमी खोल पोचा लाइनरनंतरही 10 मिमीच राहतो आणि त्यात पाणी साचतं. त्याहून वाईट त्याचा काठ. मार बसला की पोच्याभोवतीचा पत्रा वर उचलला जातो, पेट्यांची सगळी घासाघीस ती कड एकटी सोसते, आणि लाइनर पहिला तिथेच उघडा पडतो.

म्हणून सरळ पट्टी आडवी धरून खोल आणि उंच जागा खडूने वेगवेगळ्या आखा. खालून हात पोचतो तिथे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) खोलगट भागाखाली दाबून धरायची आणि हातोडी भोवतीच्या उंच कडेवर मारायची, बाहेरून मध्याकडे येत. थेट डॉलीवर ठोकत बसलात तर पत्रा ताणून पातळ होतो आणि दाबला की टॉक-टॉक वाजायला लागतो. असा पत्रा तापवून आवळून घ्यावाच लागतो. बाजूच्या दुहेरी पत्र्यांत खालून हात जात नाही, तिथे वॉशर वेल्ड करून स्लाइड हॅमरने (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या झटक्याने ओढणाऱ्या हत्याराने) ओढायचं. मागचा रंग जळतो, त्यावर आतून वॅक्स मारायला विसरू नका.

पुट्टी बाजूंना चालेल, तीही 3 मिमीपर्यंत, 100 ग्रॅमला 2 ग्रॅम हार्डनर या मापाने. तळाला नाही. वजनाखाली पत्रा लवतो, पुट्टी लवत नाही, ती तडकते. शिवाय पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते, त्यामुळे तिच्यावर इपॉक्सी प्रायमर हवाच. भोक असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचा तुकडा सीओटू (CO₂ गॅसच्या) वेल्डिंगने बसवा, सांध्यांना प्रायमरनंतर सीलंट. आणि हे सगळं लाइनरच्या आधीच. नंतर वेल्डिंग काढलंत तर लाइनर जळतो आणि त्या धुरात आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइड ही विषं असतात.

एक गोष्ट मान्य करावी लागते. लाइनर खरबरीत असल्याने एक-दोन मिलिमीटरची लाट त्याखाली दिसत नाही. हौद्याला बॉनेटसारखं फिनिशिंग नकोच. 80 नंबरच्या ओरखड्यांवर माल उलट जास्त घट्ट धरतो. कोणी 400 च्या बारीक सँडपेपरची मजुरी लावत असेल तर देऊ नका.

परत पोचा पडत नाही, हे तर सोडूनच द्या. लाइनर ओरखडे अडवतो. भरलेला सिलिंडर आदळला तर पत्रा बसणारच.

राहिला मामांचा जुलै. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) किमान 3 अंश वर आणि हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत, हा रंगकामातला सर्वमान्य नियम. 28 अंश आणि 85 टक्क्यांना दवबिंदू 25 च्या जरा वर येतो, म्हणजे पत्रा 28 चाच असला तर तेवढ्यातच नियम मोडला. दमट पत्र्यावर पॉलियुरेथेनमधलं आयसोसायनेट पाण्याशी भिडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. बंद शेडमध्ये डिह्युमिडिफायर आणि हीटर असेल तर ठीक. कुर्ल्याच्या उघड्या शेडमध्ये सध्या डेंटिंग, वेल्डिंग आणि धुणं उरकून घ्यावं. प्रायमर कोरडा दिवस बघून, आणि लाइनर ऑक्टोबरात.