टॉवर वाढले म्हणजे माणसं वाढली?

आज पुन्हा तोच फॉरवर्ड आला. "एफएसआय दुप्पट करा, मुंबईत घरं आपोआप स्वस्त होतील." एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण. डोकं फिरतं राव!

हिशेब उलटा चालतो. आजूबाजूला फ्लॅट काय दराने जातोय ते बिल्डर आधी बघतो. त्याला विक्रीच्या क्षेत्रफळाने गुणायचं. बांधकाम, पालिकेला भरायचे प्रीमियम, ट्रान्झिट भाडं (काम चालू असताना रहिवाशांना द्यायचं), व्याज, नफा वजा करायचा. उरेल तो जमिनीचा भाव. एफएसआय वाढला की हा उरलेला आकडाच फुगतो, आणि शेजारच्या चाळीचा मालक लगेच जास्त मागतो. गिऱ्हाइकाला घंटा! सगळ्या शहरात एकदम लाखो घरं आली तर दर उतरतील, मान्य. येतात का?

गिरगावातली 80 खोल्यांची चाळ घ्या, प्लॉट 1000 चौरस मीटर. जुन्या भाडेकरू इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम 33(7). त्याखाली प्रत्येक भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), फंजिबल म्हणजे वर मिळणारं 35 टक्के जादा क्षेत्र धरून 405. फंजिबल सोडून 80 घरांचं, भिंती-जिन्यांसकट पुनर्वसनाचं बांधीव क्षेत्र साधारण 2700 चौरस मीटर. त्यावर 50 टक्के विक्रीला, म्हणजे 1350. फंजिबल घालून 1820. यात 50 चौरस मीटरची 36 घरं बसतात. बिल्डर काढतो 130 मीटरची 14. कारण या दराने छोटं घरही कोटींतच जातं, आणि कोटी मोजणाऱ्याला थ्री बीएचके हवा असतो.

अशाच एका चाळीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये बिल्डरची माणसं स्विमिंग पूलचं चित्र दाखवत होती. एका आजींनी विचारलं, "मेंटेनन्स किती येणार?" उत्तर नाही.

आजींचा प्रश्नच खरा. तीन मजली चाळीच्या जागी वीसएक मजले म्हणजे लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, पोडियम पार्किंग. पेन्शनवर झेपत नाही. मग घर विकून डोंबिवली, विरार. घेणारा शेजारचंही घेतो, भिंत पाडतो, 'जोडी फ्लॅट' तयार! इमारत उंच, चुली कमी. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 33.38 लाख होती, 2011 मध्ये 30.85 लाख. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते तीच ही दहा वर्षं.

चाळीत राहा असं म्हणत नाहीये. टेकूवर उभा जिना आणि मजल्याला एक सार्वजनिक संडास कुणालाच नको. घरातला संडास मोठी गोष्ट आहे, आजींनाही तोच हवाय.

म्हणून पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी विक्रीच्या फ्लॅटचे आकार विचारा. लिफ्ट-पंपाचा वार्षिक खर्च लेखी घ्या. आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डर रहिवाशांना देतो तो एकरकमी निधी, घरटी चेकने वाटून घेऊ नका, सोसायटीच्या नावाने एफडीत ठेवा. मेंटेनन्स त्याच्या व्याजातून भागायला हवा.